सत्तेचाळीस नंबरचा वारस

“हे कोणाचं आहे? शेवटचं विचारतेय, हे कोणाचं आहे?”

हे शेवटचं विचारणं मॅडमनी सकाळपासून सतराव्यांदा विचारलं होतं. आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या दारात त्या उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला आणि दोन वर्षांचं पोर कडेवर घ्यावं तसा कडेवर घेतलेला, चिखलाने माखलेला एक सीआरओ. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकावं लागलं नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो, सीआरओ म्हणजे जुन्या छोट्या टीव्हीएवढं आणि वजनाने पिठाच्या जात्याएवढं एक यंत्र. त्याच्या पडद्यावर विजेची हिरवी लाट नाचते. या सीआरओवर लाट नव्हती. त्याच्या फुटलेल्या जाळीतून एक चिंबोरी, म्हणजे आमच्या खाडीतला खेकडा, डोळे बाहेर काढून आमच्या डिपार्टमेंटची पाहणी करत होती. यंत्राच्या कुशीवर मॅडमनी चिखल पुसून काढला होता आणि तिथे पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं दिसत होतं, डी. एस. ४७. त्यातल्या सातच्या शेपटीला एक गाठ मारलेली होती. अशी गाठ अख्ख्या कल्याण तालुक्यात एकच माणूस मारतो. तो माणूस त्या घटकेला वायरच्या कपाटामागे उभा राहून एक पूर्णपणे धडधाकट प्लग दुरुस्त करत होता. तो माणूस म्हणजे मी, या लॅबचा तीस वर्षांपासूनचा सहायक.

आयुष्यात मी विद्वान पाहिले, विक्षिप्त पाहिले, दोन्ही असूनही वेळेवर येणारे एक प्राचार्यसुद्धा पाहिले. पण मेलेल्या यंत्राला खांदा देणारं माणूस ठाण्यापासून बदलापूरपर्यंत एकच, आमच्या या खाडीवरच्या मॅडम.

मॅडम शिकवायच्या तो विषय ‘पर्यावरण नीतिशास्त्र’. तिसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना तो सक्तीचा होता आणि त्याला गुण होते शून्य. आमच्या मुलांच्या लेखी शून्य गुणांचा विषय म्हणजे जेवणानंतरच्या झोपेचं सरकारी नाव. मॅडमच्या आधीचे गृहस्थ पडदे ओढून हिमनगांची फिल्म लावायचे आणि मुलांच्याही आधी स्वतः घोरायला लागायचे. मग एका जूनमध्ये, दर जूनला वाढवून घ्यायच्या करारावर, मॅडम आल्या. जन्म ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, पीएचडी खाडीच्या चिखलात सापडणाऱ्या शिशावर, आणि आवाज होडीवरून किनाऱ्यावरच्या माणसाला ‘चहा टाक’ म्हणून सांगायला घडवलेला. पहिल्या दिवशी ऑफिसातून त्यांना माइक दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, विचारलं, “हा मेल्यावर कुठं जातो?” आणि उत्तर मिळेना तेव्हा परत केला. त्यानंतर त्या तळमजल्यावर शिकवायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सिव्हिलच्या मुलांची वह्या भरून टिपणं निघायची. पहिला तास तर मी लॅबमध्ये बसून भिंतीपलीकडून ऐकला. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानातला इअरफोन त्यांनी चिमटीत धरला होता.

“हा मेल्यावर काय करणार?”

“फेकणार, मॅडम.”

“कुठं?”

“डस्टबिनमध्ये.”

“डस्टबिन कुठं जातं?”

“गाडी येते ना मॅडम, गाणं वाजवत.”

“गाडी कुठं जाते?”

इथे साठ मुलांचा वर्ग असा गप्प झाला की पंख्याच्या बेअरिंगचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला, आणि मी तो दुरुस्तीच्या वहीत टिपूनही ठेवला. “उपग्रह कुठून कसा फिरतो ते फळ्यावर काढून दाखवाल,” मॅडम म्हणाल्या, “आणि रोज सकाळी दारात येणारी गाडी पुढे कुठं जाते ते साठांतल्या एकालाही माहीत नाही. शनिवारी सगळ्यांनी गाडीच्या मागे जायचं.” मुलांना वाटलं, बोलण्याची पद्धत आहे. शनिवारी साठ मुलं कल्याणातल्या कचऱ्याच्या गाड्यांमागे चालत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. रस्त्यातल्या लोकांना मोर्चा वाटला आणि दोन पुढारी सवयीने त्यात पुढे येऊन चालायला लागले.

पण मॅडमची खरी ख्याती मृत्युपत्रांची. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला प्रत्येक गटाने एक प्रोजेक्ट करायचं असतं. मॅडमनी फतवा काढला की प्रोजेक्टसोबत त्याचं मृत्युपत्र जोडलं पाहिजे. यंत्र बंद पडल्यावर त्यातलं तांबं कोणाकडे जाईल, बॅटरी कोणाच्या पदरात पडेल, प्लास्टिकचं काय, काचेचं काय, आणि शेवटी खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांपैकी एक भंगाराच्या धंद्यातला हवा. “तो सही करायला तयार नसला तर समजायचं, तुमच्या यंत्राला स्वर्ग नाही.” एका गटाने कचऱ्याचा हुशार डबा बनवला होता, माणूस जवळ आला की झाकण आपोआप उघडायचं. आमचे एचओडी त्याच्यावर इतके खूश की त्यांनी दिवसातून अकरा वेळा त्याच्यासमोरून फेऱ्या मारल्या. मॅडमनी मृत्युपत्र वाचलं आणि परत दिलं. “सगळं लिहिलंस बाळा. कचऱ्याचा डबा स्वतः कुठल्या कचऱ्यात जाणार ते राहिलं.” त्या गटाची प्रमुख होती प्रज्ञा. डोंबिवलीच्या चाळीतली, बुटकी, चष्मेवाली, आणि जिभेला सर्किट ब्रेकर न बसवलेली मुलगी. ती म्हणाली, “मॅडम, हा विषय शून्य मार्कांचा आहे, पण डोक्याची वाट शंभर मार्कांची लावतो.” मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

कॉलेजबाहेरही त्यांना चैन नसायची. पिशवीत कायम तीन गोष्टी, एक चुंबक, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक सुक्या बोंबलांची पुडी. पहिल्या दोन यंत्रांसाठी, तिसरी स्वतःसाठी. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाच्या लग्नात त्यांनी आहेराच्या टेबलावरचा मिक्सर उलटा करून स्क्रू तपासले आणि नवऱ्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, “हे उघडत नाही गं. बिघडलं की फेकावंच लागेल. नवऱ्याला मात्र उघडून बघ, दुरुस्त होतो.” ठाण्याला टेंभी नाक्याच्या नवरात्रात लोक देवीच्या दर्शनाला रांग लावतात. मॅडमनी रांग सोडून रोषणाईच्या ठेकेदाराला गाठलं आणि दसऱ्यानंतर त्या लाखभर दिव्यांच्या माळा कुठं जातात म्हणून त्याला दीड तास खांबाशी उभं करून ठेवलं. तेव्हापासून तो माणूस दरवर्षी बंद पडलेल्या माळांचं एक गाठोडं स्वतःहून त्यांच्या घरी पोचवतो आणि पाया पडून जातो. देवीच्या पाया पडायला त्याला वेळ मिळतो की नाही, माहीत नाही.

मुलांची सहल म्हणाल तर लोक महाबळेश्वरला नेतात, मॅडम खाडीच्या चिखलात न्यायच्या. ओहोटीला साठ मुलं गुडघाभर चिखलात उतरवायच्या. परत येताना माणसं साठ आणि बूट सत्तावीस. उरलेले बूट अजून तिथेच असणार. आणखी दोन हजार वर्षांनी कोणी उत्खनन केलं तर या काठावर एका पायाची जमात राहायची असा निष्कर्ष निघेल. तिथे मॅडमचे वडील, पंच्याहत्तरीचे, काटक, कमरेला रुमाल, मुलांना जाळं दाखवायचे. एकदा मीही गेलेलो. म्हातारा जाळं उलगडत म्हणाला, “पोरांनो, आदी या पान्यान निवट्या घावायच्या पाटी पाटीभर. आता मासली कमी नं तुमचाच माल जास्ती.” आणि जाळ्यातून त्यांनी एक रिमोट, दोन चार्जर आणि तारेचं एक भेंडोळं काढून असं नीट मांडलं, जसं बाजारात वाटा लावतात. मुलं हसली. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असेन. त्याचं कारण तुम्हाला आता कळेल.

कॉलेजात जिवंत यंत्रांची नोंद ज्या वहीत ठेवतात तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. त्यात एकदा चढलेली वस्तू खाली उतरवणं म्हणजे माणसाला जिवंतपणी मोक्ष मिळवून देण्याइतकं कठीण. त्याला निर्लेखन म्हणतात आणि त्यासाठी पाच जणांच्या सह्या लागतात. आमच्या बारा जुन्या सीआरओंची, एक्केचाळीस ते बावन्न नंबरची, फाईल सात वर्षं फिरत होती. पाचांपैकी एक सदस्य निवृत्त झाले, एक परदेशी गेले, एक वारले, आणि चौथे वारलेल्यांची सही आल्याशिवाय आपण करणार नाही म्हणाले. अशात, त्या सकाळच्या तीन वर्षं आधी, कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि एचओडी मला म्हणाले, “ती खोली मोकळी दिसली पाहिजे. कशी, ते मला सांगू नका.” मी एका शनिवारी एका टेम्पोवाल्याला बोलावलं, बाराही सीआरओ भरून दिले, आणि कुठं नेतोस म्हणून विचारलंसुद्धा नाही. रजिस्टरात मात्र ते राहिलेच. दरवर्षी मार्चमध्ये मी त्यांच्यापुढे इमानदारीत बारा टिका मारायचो आणि शेरा लिहायचो, ‘चालू स्थितीत’. समितीने दाखवा म्हटलं तर मी त्यांना दुसऱ्या लॅबमधले दाखवायचो. माणसाला यंत्रांचे चेहरे लक्षात राहत नाहीत.

आता पुढची समिती तीन आठवड्यांवर होती, माझी निवृत्ती दीड वर्षावर, आणि सत्तेचाळीस नंबर दारात, मॅडमच्या कडेवर. टिका खोट्या निघाल्या तर खातेनिहाय चौकशी, पेन्शनची फाईल अडकली म्हणजे माझ्या नातवंडांपर्यंत अडकली. म्हणून मी प्लग दुरुस्त करत होतो.

तो सीआरओ त्यांच्या वडिलांना ओहोटीत, तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला होता. मॅडम तो ठाण्यातल्या खोपटच्या डेपोतून एसटीने कल्याणला घेऊन आल्या. कंडक्टर लगेजचं तिकीट मागायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “लगेज नाही, पार्थिव आहे.” कंडक्टरने डोक्यावरची टोपी काढली आणि दुर्गाडी किल्ल्यापर्यंत बसमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही, असं मला त्याच बसने आलेल्या आमच्या शिपायाने शपथेवर सांगितलंय.

सतराव्यांदा विचारूनही कोणी बोललं नाही तेव्हा मॅडमनी चिंबोरीला बादलीत घातलं, सीआरओ स्टाफरूमच्या मधल्या टेबलावर ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला आणि भिंतीवर कागद चिकटवला: ‘बेवारस. वारस पुढे येईपर्यंत या खोलीत सुतक आहे.’ एचओडींनी कागद वाचला, हाराकडे पाहिलं, सातच्या शेपटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना तातडीने डोळ्यांचा दवाखाना आठवला. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. टेबलावर सीआरओ असल्यामुळे डबे खायला जागा उरली नव्हती, लोक मांडीवर डबा घेऊन, मयताच्या घरी खावं तसं खाली मान घालून खायचे. मॅडम रोज हार बदलायच्या. मला एका शब्दाने विचारायच्या नाहीत. उलट निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या त्या माशांचं, कालवण आणलं की पहिली वाटी मला. “घ्या भाऊ, काटे बघून खा.” मी एकेक काटा असा निवडत बसायचो की वाटी संपेपर्यंत मान वर करावी लागायची नाही. मुलांना तर पहिल्या दिवशीच कळलं होतं, तीस वर्षांत माझा सात न पाहिलेला विद्यार्थी नाही. एकदा प्रज्ञा प्रॅक्टिकलची वही द्यायला आली आणि सहज म्हणाली, “सर, सांगून टाका ना. तुम्ही प्लग रिपेअर करून करून लॅबमधले सगळे प्लग बिघडवलेत.”

शेवटी, समितीच्या सहा दिवस आधी, मी दुपारच्या रिकाम्या स्टाफरूममध्ये मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “मॅडम, तो माझा आहे.” त्या वहीत काही लिहीत होत्या. मी टेम्पोपासून टिकांपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तो प्रसिद्ध आवाज सुटणार आणि कल्याण स्टेशनावरच्या गाड्या मागे फिरणार. त्या उलट इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

“भाऊ, याच्या पडद्याच्या काचेत शिसं असतं. मी सहा वर्षं हेच मोजलं, चिखलात किती, माशात किती. मोजताना वाटायचं, कोण टाकत असेल. कुणीतरी वाईट माणूस असेल.” मग त्यांनी हार सरळ केला. “बाबा अजून रोज तिथलीच मासली खातात. तुम्हीही खाल्लीत दोन आठवडे.”

मी टेबलावर पडलेली झेंडूची पाकळी उचलून खिशात घातली. याला कुठला शेरा लावायचा ते रजिस्टरात नव्हतं.

“बाकीचे अकरा कुठं गेले?”

“माहीत नाही.”

“मग उद्या तासाला या. शेवटच्या बाकावर बसा.”

दुसऱ्या दिवशी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. मुलांनी जागा करून दिली, एकाने च्युइंगम दिलं. मॅडमनी मला सगळ्यांदेखत गृहपाठ दिला, बारा सीआरओंचं मृत्युपत्र, मागाहून का होईना, पूर्ण पत्त्यांसकट. त्या टेम्पोवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये ‘खोली मोकळी’ या नावाने अजून होता. त्याने विठ्ठलवाडी स्टेशनामागचं एक गोडाऊन सांगितलं. तिथे मी, मॅडम आणि, आगाऊपणे, प्रज्ञा, असे तिघं गेलो. गोडाऊनचा मालक म्हणजे गळ्यात टेप, कानात पेन्सिल आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघून मनात तिचे तुकडे करणारा गृहस्थ. माझ्याकडेही त्याने तसंच बघितलं. दहा मिनिटं त्याला काही आठवेना. मॅडमनी पिशवीतून बोंबलांची पुडी काढून पुढे केल्यावर सगळं आठवलं.

“हां, ते हिरव्या पडद्यावाले. अकरा खोलले. कॉपर भट्टीवाल्याला गेलं, पत्रा पत्र्यावाल्याला. काच कोण घेणार, मॅडम? काच टाकली.”

“कुठं?”

“टाकतात तिथं. खाडीच्या साइडला.”

“आणि बारावा? तो आख्खा कसा राहिला?” मी विचारलं.

मालक माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागला. “साहेब, लिहिलेलं ना त्याच्यावर. ‘परवानगीशिवाय उघडू नये, आदेशावरून.’ सरकारी लफडं नको, म्हणून नाय खोलला. तसाच टाकून दिला.”

तीस वर्षं मी त्या लॅबमध्ये पाट्या रंगवल्या, आणि मुलं सारखा उघडून बघायची म्हणून एक त्या सत्तेचाळीसच्या पाठीवरही. चपला बाहेर काढाव्यात, स्विच बंद करावेत, उघडू नये. विद्यार्थ्यांनी पाळल्या नाहीत, प्राध्यापकांनी पाळल्या नाहीत, एचओडी तर चपलेसकट आत येऊन पाटीलाच टेकून उभे राहायचे. माझी सूचना अक्षरशः पाळणारा महाराष्ट्रात एकच माणूस निघाला, आणि तो विठ्ठलवाडीचा भंगारवाला. प्रज्ञा हसून हसून पत्र्याच्या ढिगावर बसली आणि तिच्या ड्रेसला गंजाचा असा शिक्का बसला की तो अजून गेला नाही म्हणते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मालकाला विचारलं, “साक्षीदार म्हणून सही कराल?” त्याने कानातली पेन्सिल काढली आणि माझ्या मृत्युपत्रावर सही केली. स्वर्ग मिळाला नव्हता, पण निदान पत्ता लागला.

समिती आली त्या दिवशी सकाळी मी स्टाफरूममध्ये गेलो तेव्हा कागद काढलेला होता, सीआरओवर ताजा हार होता. मॅडमनी आधी जाहीर केलं होतं की त्या हे पार्थिव समितीच्या टेबलावर नेऊन ठेवणार. मी म्हटलं, “नेणार ना?” त्या म्हणाल्या, “मी कोण नेणारी? ज्याचं त्याने उचलावं.” आणि तासाला निघून गेल्या. मी एकटा. सीआरओ आणि मी. पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी त्याला कडेवर घेतला. चिखल वाळलेला असूनही काय वजन होतं म्हणून सांगू, बाराच्या बाराही त्यात भरले होते बहुतेक.

समितीचे अध्यक्ष रजिस्टरचं पान उलटत म्हणाले, “सीआरओ, एक्केचाळीस ते बावन्न. बारा. चालू स्थितीत. दाखवा.” एचओडी दुसऱ्या लॅबकडे हात करायला लागले होते. मी सत्तेचाळीस नंबर टेबलावर ठेवला. हारातून एक पाकळी रजिस्टरावर पडली.

“एक हा. बाकीचे अकरा नाहीत, सर. टिका मी खोट्या मारल्यात.”

“कुठं गेले?”

आता हा प्रश्न मॅडमचा होता, आणि आमच्या कॉलेजच्या इतिहासात त्याचं संपूर्ण उत्तर कोणीही दिलेलं नव्हतं. मी खिशातून मृत्युपत्र काढलं. टेम्पो, विठ्ठलवाडी, भट्टी, पत्रा, काच, खाडी, साक्षीदाराची सही, सगळं. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. एचओडींचा चहा बशीत आणि बशीतला चहा पँटवर सांडत होता. “हे कुठल्या विषयात शिकवतात?” अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, “शून्य गुणांच्या.”

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मला मेमो आला, चौकशी झाली, माझ्या पेन्शनची फाईल आठ महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर प्रवासाला गेली. आणि जी सात वर्षं झाली नव्हती ती निर्लेखनाची पाच सह्यांची गोष्ट एका आठवड्यात झाली. वारलेल्या सदस्यांच्या जागी कोणीतरी जिवंत माणूस नेमता येतो हे कोणाला तरी अचानक सुचलं. अकरा सीआरओ रजिस्टरातून उतरले. सत्तेचाळीस मात्र प्रत्यक्षात हजर असल्यामुळे उतरवता येईना. तो अजून लॅबमध्ये आहे. प्रज्ञाच्या गटाने सुट्टीत त्याला उघडून धुतला, वाळवला, सगळे कपॅसिटर बदलले. हिरवी रेघ काही उमटली नाही. पण त्याच्या मृत्युपत्रावर आता सात साक्षीदार आहेत.

मॅडमचा करार मात्र पुढच्या जूनमध्ये वाढला नाही. त्या प्रकरणाशी संबंध नाही, असं ऑफिस म्हणालं, आणि मला वाटतं खरंच नव्हता. संबंध जोडायला तरी कोणाला तरी विचार करावा लागतो. शून्य गुणांच्या विषयाला माणूस कशाला, म्हणून आता व्हिडिओ लावतात. टाय घातलेले एक गृहस्थ समुद्र दाखवतात. त्यात व्हेल मासा येतो. आमच्या खाडीत व्हेल नाही. मुलं झोपतात, पडदे ओढलेले असतात. शेवटच्या दिवशी मॅडमनी फक्त पिशवी उचलली, प्रत्येकाला विचारलं, “मी नसल्यावर हे हार कोण बदलणार?” आणि उत्तराची वाट न बघता खोपटची एसटी पकडली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या सिव्हिलच्या मुलांच्या वह्या कोऱ्या राहतात.

मीही आता रिटायर झालोय. डोंबिवलीत गॅलरीतल्या कुंड्यांवर नंबर टाकत बसतो. सातला अजून गाठ मारतो. गेल्या रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडून खाडीवरच्या वाऱ्याचा आवाज आणि त्यावरून मॅडम. नेहमीचा आवाज नव्हता. वय होत असावं, त्यांचं किंवा फोनचं.

“भाऊ, बाबांना तिवरांत एक पडद्याची काच घावलीय. मानेशी मोडलेली. नंबर नाही काही. कोणाची, कळायला मार्ग नाही.”

आता ती काच कोणाच्याही टीव्हीची असू शकली असती. या जिल्ह्यात एके काळी घराघरात तसा पडदा होता. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, नुसत्या काचेवरून काही सिद्ध होत नाही. कुंडीतला ब्रश मी बाजूला ठेवला.

“माझी आहे, मॅडम,” मी म्हटलं. “येतो न्यायला.”

त्यांनी तिथूनच बाबांना ओहोटीची वेळ विचारली. मग म्हणाल्या, “अकराला ओहोटी आहे. गोणी आणा येताना, जाड बघून.”